मंडळीविषयी अडतीस प्रश्न

जळगाव,
मंगळवार, १७ जानेवारी १९८९

तीर्थस्वरूप निंबामामा यांसी,

सुकदेवचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस तो खरोखरच पालथे पडून घातला आहे असे समजावे, कारण पुढला मजकूर वाचल्यावर मला उठवायला तुम्ही हात पुढे कराल असे वाटत नाही.) इकडे सर्व बरे आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. कुंदा आणि मुले खरोखरच बरी आहेत. तुमचा रक्तदाब कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही मीठ सोडल्याचे कळवले होते आणि त्याच पत्राच्या कडेला बेबामामींनी बारीक अक्षरात ‘लोणचे सोडलेले नाही’ असे लिहिले होते. दोघांच्याही म्हणण्याचा मान ठेवून विनंती, की वाचता वाचता डोके जड झाले तर पत्र तिथेच ठेवावे आणि उरलेले सकाळी वाचावे. मात्र येत्या मंगळवारच्या आत ते पुरे वाचून व्हायला हवे. का, ते पुढे येईलच, पण लगेच येणार नाही, कारण लिहिताना मला लाज वाटते आहे आणि मी जरा लांबून वळसा घालून येतो आहे.

माझा जुन्या खेळण्यांचा नाद तुम्हाला ठाऊक आहे आणि तो तुम्हाला पसंत नाही हे मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे उतरलात तेव्हा गादीखाली राहिलेला पत्र्याचा बेडूक तुमच्या वजनाने टर्रकन वाजला होता आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी फक्त कुंदाच्या मार्फत बोलत होता. जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक असलेल्या, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने किल्लीची कोंबडी घेऊन बसावे हे तुम्हाला पटत नाही. मामा, मलाही ते नेहमीच पटते असे नाही. पण असे आम्ही एकूण तिघे आहोत. दुसरे असोद्याचे अभिमन सर, शाळेत चित्रकला शिकवतात. एकदा बाजारात मिळालेला पत्र्याचा सायकलवाला चेपू नये म्हणून ते मोटारसायकलवरून एका हाताने येत होते आणि केळीच्या बागेत जाऊन पडले होते. (सायकलवाला सुखरूप आहे.) तिसरे रुपचंदशेठ, भांड्यांचे दुकान. आम्ही तिघांनी मिळून जळगाव जिल्हा जुनी खेळणी संग्राहक मंडळ काढले. त्यात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार झाल्यावर सभासद व्हायला कोणी उरले नाही.

आमच्या मंडळाचे दैवत म्हणजे ‘तोताराम खेळणी, धुळे’. तुम्ही तिथेच राहता, तरी तुम्हाला नाव माहीत नसेल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अमळनेरकडून तेलाचे रिकामे डबे आणून, ते कापून हा माणूस खेळणी करी. बाहेरून लाल एस.टी., आणि उलटी करून आत डोकावले तर तेलाच्या जाहिरातीतली बाई डोक्यावर उभी राहिलेली. दाणे टिपणारी कोंबडी, सायकलवाला, माझा तो (म्हणजे तुमचा) बेडूक, सगळी त्यांचीच. आमच्याकडे मिळून एकवीस नग आहेत आणि प्रत्येकाच्या पोटावर ‘बा’ असे अक्षर ठोकलेले आहे. हे ‘बा’ म्हणजे काय यावर आमचे सहा वर्षे भांडण चालले होते. मी इथल्या एका दिवाळी अंकात साडेचार पानी लेख लिहून ते ‘बालकांसाठी’ असल्याचे सिद्धही केले होते. त्याची एक प्रत तुम्हाला पाठवली होती. मामींनी पोच दिली होती, तुम्ही दिली नव्हती.

प्लॅस्टिक आल्यावर हा कारखाना कधीच संपला असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. तर सप्टेंबरात अभिमन सरांना कळले की खुद्द तोताराम आबा जुन्या धुळ्यात हयात आहेत. मी मंडळाच्या छापील कागदावर त्यांना लिहिले की आम्ही आपल्याला भेटून काही प्रश्न विचारू इच्छितो. दहा दिवसांत कार्ड आले. ते माझ्यासमोर आहे, जसेच्या तसे उतरवतो: ‘आपले पत्र पावले. फार बरे वाटले. जरूर यावे. जुने सगळे मंडळीला ठाऊक आहे, मी नुसता पत्रा कापणारा. परंतु अलीकडे मंडळीची स्थिती नाजूक असते व फार दिवस निघतील असे वाटत नाही. तरी होता होईतो लवकर यावे. मंडळीलाही हौस आहे.’

मामा, तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. तुम्ही स्वतः मामींना चारचौघांत ‘आमची मंडळी’ म्हणता, मी ते जन्मापासून ऐकतो आहे. माझे आजोबा तसेच म्हणत. पण तिघा शिकल्यासवरल्या माणसांनी ते कार्ड भांड्याच्या दुकानात बसून मोठ्याने वाचले आणि तिघांनीही मंडळी म्हणजे कंपनी असा अर्थ लावला. रुपचंदशेठ म्हणाले, पूर्वी दुकानांच्या पाट्यांवर अमुक आणि मंडळी असे लिहीतच. म्हणजे कारखाना अजून चालू आहे! नाजूक स्थितीत का होईना, पण चालू आहे! आम्हाला इतका आनंद झाला की रुपचंदशेठनी चहा मागवला, जो ते मागवत नाहीत. अभिमन सर तर म्हणाले की कारखानदाराने स्वतः वापरलेला शब्द आपण सगळ्या प्रश्नांत वापरावा, त्यात त्याचा मान आहे. मीही मान डोलावली आणि तसेच टिपून घेतले.

मग प्रश्न तयार करायला लागलो. त्यात ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, नोव्हेंबर आणि डिसेंबर गेला. तुम्ही म्हणाल, प्रश्नांना तीन महिने? अहो, दर रविवारी बसत होतो. किल्ली डावीकडे का, यावरच दोन रविवार गेले. ‘बा’चा प्रश्न कोणी विचारायचा यावर अभिमन सर एकदा रागावून असोद्याला निघून गेले, त्यांना आणायला मी बसने गेलो. शेवटी अडतीस प्रश्न झाले. ते मी कचेरीतल्या टाइपरायटरवर, साहेब दौऱ्यावर असताना, दोन कार्बन घालून टाइप केले. रविवारी १५ तारखेला येतो असे कार्ड टाकले. ते पोचले की नाही कोण जाणे, पोचले असेल तर वाचायला कोणाला सवड झाली नसेल.

जाताना पोषाख सारखा असावा ही सूचना माझी. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. कारखानदाराचा सत्कार करायचा म्हणून शाल, नारळ आणि हार घेतला. आदल्या दिवशीच संक्रांत झालेली, म्हणून रुपचंदशेठनी घरचा तिळगूळ डबाभर आणला. सकाळच्या गाडीने एरंडोल, पारोळा करत साडेदहाला धुळ्याला उतरलो आणि विचारत विचारत गल्लीत शिरलो, तर घरापुढे सतरंज्या अंथरलेल्या, वर ताडपत्री, पाण्याचे पिंप, आणि तीस-चाळीस मंडळी (आता हा शब्दही लिहवत नाही) ओळीने बसलेली. रुपचंदशेठ माझ्या कानात म्हणाले, तयारी चांगली ठेवली आहे हो. माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी आपल्यासारख्यांचे कोणी स्वागत करते आहे! मी हसतमुखाने सगळ्यांना हात जोडले. कोणीच हसले नाही. तोवर रुपचंदशेठनी पहिल्या दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवून ‘गोड बोला’ म्हटलेसुद्धा होते.

त्या दोघांनी आपापल्या तळहाताकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. लोक दारावर बसायला आलेले होते, मामा. गावाकडे मयताच्या घरी असेच येऊन बसतात हे आम्हाला माहीत नाही असे नाही. पण सत्कार करायला निघालेल्या माणसाला ते सुचत नाही. अभिमन सरांनी तिळगुळाचा डबा झटकन घेतला आणि त्याच्यावर बसले. पुढचे दोन तास ते त्याच्यावर बसून होते. हार कोणीतरी माझ्या हातातून अगदी आदराने काढून घेतला आणि आत नेला.

माझ्याशेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ होते, झिपरूनाना म्हणून. त्यांनी हळूच विचारले, “कोठून उनात?” मी म्हटले, जळगावहून. “कोनाकडना?” आता मामा, इथे मी काय सांगायला हवे होते? जुनी खेळणी संग्राहक मंडळाकडून? चाळीस माणसांत? मला धुळ्यातले एकच नाव ठाऊक, तुमचे, ते तोंडातून निघून गेले. म्हटले, निंबाभाऊंकडचे. झिपरूनानांचा चेहरा एकदम उजळला. “चोपडाना निंबाभाऊ? ताईबाईना मावसभाऊ?” बावीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाची मान, वडीलधाऱ्याने काही विचारले की आपोआप हलते. ती हलली. नाना वळून सगळ्यांना म्हणाले, माहेरचे आले. आणि आम्हाला पुढे, थेट तोताराम आबांच्या समोर नेऊन बसवले. आबा खांबाला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. हात मोठे, बोटांवर पत्र्याने कापल्याच्या जुन्या खुणा. मी सहा वर्षे ज्या माणसाला भेटायचे म्हणत होतो तो हा, आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

तोवर ताईबाई कोण हे मला कळले नव्हते. आबांची आई असेल, वहिनी असेल असे वाटत होते. तेवढ्यात नानांना माझ्या खिशातून वर आलेले कागद दिसले. “चिठ्ठी धाडी का निंबाभाऊनी? वाचा मंग. बठ्ठासले ऐकू द्या.” सगळ्यांना ऐकू द्या म्हणे! मी नको नको म्हणत होतो, पण आबांनीही मान वर केली आणि वाचा अशी खूण केली. मला वाटले, दोन प्रश्न हळूच वाचावेत, दुःखात तेवढाच त्यांना विरंगुळा. (मी खरेच असे वाटून घेतले. आता ते लिहितानासुद्धा कान गरम होतात.) मी घसा साफ केला आणि वाचले: ‘प्रश्न पहिला. आपली मंडळी मूळची कुठली व आपल्याकडे कोणत्या सालापासून?’

आबा म्हणाले, “चोपडानी. बावन सालले लगीन व्हयनं.”

त्या क्षणी ते कार्ड आणि त्यातली नाजूक स्थिती मला कळली. अभिमन सरांच्या हातातून नारळ सुटला आणि गडगडत जाऊन चपलांत पडला. मी कागद घडी करायला लागलो, पण नाना म्हणाले, “मंग पुढे?” आणि सतरंजीवरचे सगळे थोडे पुढे सरकले. मामा, लोक काय समजले ते ध्यानात घ्या. माहेरची माणसे टाइप केलेले कागद घेऊन नवऱ्याला जाब विचारायला आली आहेत! आत रडणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. आता गप्प बसलो तर ते जास्त भयंकर दिसेल अशा समजुतीने मी दुसरा प्रश्न वाचला: ‘मंडळीकडून दिवसाला किती काम होत असे?’

आबांनी आपल्या बोटांवरच्या खुणांकडे पाहिले. मग म्हणाले, “मीच जास्ती काम लावं तिले.” आणि बोलू लागले. ते पत्रा कापायचे, बाकी सगळे ती. कोंबडीने दाणे कसे टिपायचे ते तिने अंगणात तासभर कोंबडी पाहून ठरवले. एस.टी.चा लाल रंग तिने तीनदा बदलायला लावला. तयार झालेले प्रत्येक खेळणे ती उंबऱ्यात बसून किल्ली देऊन सोडून पाही. “जी सरय चाले नही, ती बाद.” म्हणजे जी सरळ चालणार नाही ती बाद, आणि तिच्या पोटावर ती ‘बा’ ठोकी. असा माल मग जत्रेत स्वस्तात जाई. आमचे एकवीसच्या एकवीस नग बाद निघाले, मामा, दिवाळी अंकातल्या साडेचार पानांसकट. पण त्याचे मला त्या वेळी काहीच वाटले नाही.

तिसरा प्रश्न मी वाचायला नको होता. ‘मंडळी अडचणीत आल्यावर आपण कोणते उपाय केले?’ आबांनी दोन्ही हात जोडले. मला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाने मला हात जोडले आणि म्हणाले, “नाशिकपावत लई गऊ. उशीर व्हई गया.” तिला नाशिकपर्यंत नेले तरी उशीरच झाला, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसत नव्हते. मी पुढचे पान उलटले तर वर चौथा प्रश्न होता: ‘ही मंडळी बंद पडल्यास नवी काढण्याचा आपला विचार आहे काय?’ तो प्रश्न झिपरूनाना माझ्या खांद्यावरून वाचू लागलेत असे पाहून मी ते कागद तोंडातच घालणार होतो. पण रुपचंदशेठनी ऐन वेळी शाल काढून आबांच्या अंगावर घातली, आणि सगळे म्हणाले, चला, माहेरच्यांनी मन मोठे केले.

निघताना आबा दारापर्यंत आले. चार दिवस ते कोणाशी एक शब्द बोलले नव्हते, असे नानांनी सांगितले. माझा हात धरून म्हणाले, “निंबाभाऊले म्हना, गंधमुक्तीले या. ती ल्हानपने कशी व्हती, माले ऐकनं शे. आठे कोनलेच माहीत नही.” सुतक फिटायच्या त्या दिवशी निंबाभाऊ येतील, असे मी कबूल केले. परतीच्या गाडीत बसलो. पारोळ्याला अभिमन सर म्हणाले, “मले तं लाज वाटू राह्यली सुकदेवभाऊ,” आणि चपटा झालेला डबा सीटखाली सरकवला. मी कचेरीत दोन दिवस रजा टाकली आहे. कारण विचारले तर पोटदुखी सांगितली. (एकंदर खोटे बोलण्याची मला सवय लागते आहे.)

बाकी क्षेम. मामींना नमस्कार सांगावा, आणि शक्यतो हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये.

आपला, तोंड लपवून बसलेला भाचा,
सुकदेव

ता. क. – गंधमुक्ती येत्या मंगळवारी, २४ तारखेला आहे. माहेरकडून टोपी-उपरणे न्यावे लागते, ते मी पार्सलने पाठवतो. तुमचे नाव निंबाच आहे, वयही जुळते, आणि गेल्या तीसेक वर्षांत त्या निंबाभाऊंना तिकडे कोणी पाहिलेले नाही. तुम्ही जाऊन एवढेच सांगावे की ताईबाई लहानपणी फार हुशार होती, चिंचेच्या झाडावर चढायची, असे काहीतरी. कुठलीही मुलगी लहानपणी अशी असतेच. म्हाताऱ्याचे समाधान होईल.

ता. क. दुसरा, बुधवार – कालचे पत्र टाकले नव्हते. आज अभिमन सर आले. त्यांनी चोपड्याच्या एका शिक्षकाकडे चौकशी केली. ते खरे निंबाभाऊ आठ वर्षांपूर्वीच वारले. म्हणजे सांगणारे आता कोणीच नाही. आणि मामा, वर मी लिहिले की प्रश्न तयार करण्यात तीन महिने गेले, ते खरे नाही. प्रश्न दिवाळीच्या आतच तयार होते. रुपचंदशेठ म्हणाले होते, मंडळीचे फार दिवस निघणार नाहीत म्हणतात तर जरा थांबू, एकदा बंद पडली की जुना माल पडेल भावाने मिळेल. मी ‘ठीक’ म्हणालो होतो. मंडळाच्या वहीत तसा ठरावही आहे, माझ्याच अक्षरात. त्या बाईला आमच्याशी बोलायची हौस होती, आणि आम्ही ती संपायची वाट पाहत बसलो. हे कुंदालाही सांगितलेले नाही.

ता. क. तिसरा – तेव्हा तुम्ही कोणाचे भाऊ बनून जाऊ नका. टोपी-उपरणे मीच नेतो आणि आबांना सगळे खरे सांगतो, ठरावासकट. ते हाकलून देतील तर देवोत. मंगळवारी साडेनऊच्या सुमारास मी धुळ्याच्या स्टँडवर उतरेन. तुम्ही तिथे या. आणि मी परत जळगावच्या गाडीत चढताना दिसलो, तर काही बोलू नका, नुसते मागून धरा.